माळ्यावरच्या चपला

सकाळपासून अण्णांच्या पायाला भिंगरी लागली होती. टीपॉयपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टीपॉयपर्यंत. हातात मोबाईल, नजर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या फोनवर. दोन्ही एकदम वाजले तर आधी कुठला उचलायचा, याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता. प्रतिभाताईंनी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली, त्यांनी तो परत नेला, गरम करून पुन्हा आणला, पुन्हा साय धरली.

"अहो, बसा तरी जरा," त्या म्हणाल्या.

अण्णा बसले आणि पेपर हातात घ्यायच्या आत उठले.

आमदार गोरक्ष ढोमसे, म्हणजे सगळ्या मतदारसंघाचे अण्णा, लागोपाठ तिसऱ्यांदा निवडून आले होते. त्याआधी सरपंच, मग पंचायत समिती, मग नव्वद साली विधानसभेला सपाटून आपटी, मग पंच्याण्णवला अपक्ष म्हणून गुलाल, नव्व्याण्णवला पक्षाचं तिकीट आणि पुन्हा गुलाल. आता दोन हजार चार. ऑक्टोबरात निकाल लागला, पण कोणाला कुठलं खातं यावरून दोन पक्षांचं असं वाजलं की सरकार बनता बनेना. अखेर काल गाडं पुढं सरकलं. उद्या मुंबईत शपथविधी. ज्यांना शपथ घ्यायचीय त्यांना आज फोन जाणार, आणि म्हणून महाराष्ट्रात आज कितीतरी आमदार देव पाण्यात घालून बसले होते. अण्णा त्यांतले एक. फरक इतकाच, की इतरांचे देव दोन आठवड्यांपासून पाण्यात होते आणि अण्णांचे नऊ वर्षांपासून.

पंचवटीत मखमलाबाद नाक्याच्या आतल्या बाजूला अण्णांचा बंगला. बंगल्यापुढं गाड्या लावायला मोठं अंगण, त्यात अण्णांनी हौसेनं टाकून घेतलेली काळी खडी. कार्यकर्त्यांनी रात्रीच तिथं मांडव टाकला होता. गुलालाची पोती आली होती, पेढ्यांची खोकी आली होती, आणि ढोल-ताशावाले तर येऊन एकदा वाजवूनही गेले होते, उगाच, हात गरम करायला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसा सगळा मामला. कार्यकर्त्याचं असंच असतं. त्याला मंत्रिपदाआधी मिरवणूक दिसते.

आणि या सगळ्यात फाटकाशी, टोमॅटोचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर गोटीराम बसला होता. डोक्याला टोपी, अंगात इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट, आणि पायात काही नाही. म्हणजे डाव्या पायाला पट्टी होती, तिच्यावर मळू नये म्हणून दुधाची पिशवी बांधलेली. पण चप्पल नाही. गोटीरामच्या पायात चप्पल कोणी पाहिल्याला नऊ वर्षं झाली होती.

खिडकीशी आलं की अण्णांना तो दिसायचा. दिसला की ते वळायचे.

त्याची गोष्ट अशी. मखमलाबाद सोडून दरीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला गोटीरामचा मळा आणि त्याला लागूनच ढोमशांचा. बांधाला बांध. दोघं बरोबरीचे, एका पाटात पोहलेले. गोटीराम फ्लॉवर-कोबी लावायचा, गुलाब आणि झेंडू लावायचा, आणि पहाटे पंचवटीत आणून विकायचा. नव्वदला गोरक्ष पडला तेव्हा घरचेसुद्धा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. गोटीराम मात्र संध्याकाळी आला आणि म्हणाला, "गोरख, पुढच्या टायमाला."

पुढच्या टायमाला गोरक्ष आला आणि असा आला की समोरच्याचं डिपॉझिट गेलं. गावात मारुतीच्या पारावर सत्कार होता. त्या वर्षी विधानसभेत अपक्षांना सोन्याचा भाव. सरकार त्यांच्याच खांद्यावर उभं राहणार, म्हणजे एखाद-दुसरं मंत्रिपद नाशिकला ठरलेलंच, असं जो तो बोलत होता. अशा भरात गोटीराम पारावर चढला, माईक हातात घेतला आणि काय बोलायचं ते आठवेना म्हणून पायातल्या चपला काढल्या.

"अण्णा मंत्री व्हईपर्यंत," तो ओरडला, "गोटीराम पायात चप्पल घालणार नाय! मारुतीची आन!"

टाळ्या, शिट्ट्या. त्या क्षणी गोरक्ष ढोमसेंनी एवढंच म्हणायचं होतं की, अरे येड्या, घाल त्या चपला, उद्या मळ्यात जायचंय. एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच हसण्यावारी गेलं असतं. पण टाळ्या वाईट असतात. माणसाच्या कानात शिरल्या की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. नवे आमदार पुढं झाले, खाली वाकले, गोटीरामच्या चपला दोन्ही हातांत उचलून गावाला दाखवल्या आणि गरजले, "ही माझ्याकडं अमानत! लाल दिव्याच्या गाडीतून येईन आणि माझ्या हातानं ह्या चपला गोटीरामच्या पायात घालीन!"

झालं. त्या दिवसापासून गोटीराम बांधला गेला आणि अण्णाही.

पंच्याण्णवला अपक्षांना मंत्रिपदं मिळाली. अण्णांचं नाव यादीत शिरलं, रात्रभर राहिलं आणि सकाळी निघालं. नव्व्याण्णवला तर मंत्र्यांची नुसती जत्रा भरली. ज्याच्या त्याच्या गाडीवर दिवा. गावातल्या बायका म्हणायला लागल्या, आता आमच्याच गाडीवर तेवढा राहिला. पण अण्णांच्या तोंडाला तेव्हाही पानंच पुसली गेली. दोन्ही वेळा गोटीराम बंगल्यावर आला, अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या टायमाला."

आणि अण्णांना तो हवाही होता, हे सांगितलं पाहिजे. नव्व्याण्णवच्या प्रचारात प्रत्येक सभेत त्याला स्टेजवर घ्यायचे. "दाखव गोटीराम," असं अण्णा म्हणायचे आणि गोटीराम खुर्चीवर बसून तळवे लोकांकडं करायचा. भेगा पडलेले, काळे ठिक्कर, टाचेला खुरासारखं घट्ट झालेलं कातडं. बायका पदर तोंडाला लावायच्या. नेता असा असावा की ज्याच्यासाठी माणूस अनवाणी राहील, असं मतदार म्हणायचे. अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरंखुरं यायचं, आणि पुढच्या सभेत परत यायचं.

चपला बंगल्यात माळ्यावर होत्या, एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत. दर वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत प्रतिभाताई त्या खाली काढायच्या, कातडं तडकू नये म्हणून एरंडेल चोळायच्या आणि विचारायच्या, "यांचं काय करायचं?" अण्णा म्हणायचे, "राहू देत." आणि मग त्या दिवशी विनाकारण कोणावर तरी ओरडायचे.

तर आज सकाळी नवसाबाई आली. गोटीरामची बायको. पुढच्या दारानं नाही. मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. प्रतिभाताईंशी काहीतरी हळू आवाजात बोलली. मग प्रतिभाताईंनी अण्णांना आत बोलावलं. नवसाबाई ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हाताला झेंडूचा वास येत होता. दिवाळी तोंडावर, तोडणी चालू असणार.

"अण्णा, तुमच्याशी बोलायचंय. यांला सांगू नका मी आले ते."

"बोला की वहिनी."

"यांला साखर हाय, तुम्हाला म्हाईत हाय. दोन वर्सं झाली. आता पायाला काय लागलेलं कळत नाय. मागल्या महिन्यात बाभळीचा काटा घुसला. आख्खा आत. चार दिवस तसेच हिंडले. मला घरात वास आला तवा मी पाय बघितला. सिव्हिलला नेलं. डॉक्टरीनबाई म्हणली, या टायमाला वाचला. अनवाणी हिंडले आन् परत जखम झाली तर पाय कापावा लागंल. आसं सरळ तोंडावर म्हणली."

"मग घालायच्या ना चपला! मी सांगितलंय का त्याला—"

"तुम्हीच तर ठिवल्यात त्यांच्या चपला," नवसाबाई म्हणाली.

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधं बोलली. प्रतिभाताईंनी गॅसवरचं दूध उगाच ढवळलं.

"दुसऱ्या आणल्या व्हत्या मी. मऊ, डॉक्टरच्या. त्यांला हात लावत नाय. म्हणतात मारुतीची आन हाय आन् अण्णाला शब्द हाय. मारुतीचं मी बघते, मी शनवार धरीन त्याच्यासाठी. अण्णाचं अण्णानं बघावं. तुम्ही सांगा त्यांला, सोडला शब्द."

बाहेर मांडवात मतदारसंघातला झाडून सगळा कार्यकर्ता बसलेला. आज, आत्ता, गोटीरामच्या पायात चप्पल घालायची म्हणजे गावाला सांगायचं की ढोमशानं आशा सोडली. ज्यानं आशा सोडली त्याच्या दारात कार्यकर्ता उभा राहत नाही. तो उद्या दुसऱ्याच्या दारात. तीस वर्षं घालून उभं केलेलं सगळं एका चपलेपायी बसणार.

"वहिनी, आज फोन येईल," ते म्हणाले. "येणारच. या वेळेला वरून शब्द मिळालाय. उद्या शपथ झाली की परवा मी लाल दिव्याच्या गाडीतून तुमच्या मळ्यात येतो आणि—"

"आन् नाय आला तर?"

अण्णांनी हातातला मोबाईल उलटसुलट करून पाहिला.

"नाय आला तर ते म्हणतील पुढच्या टायमाला," नवसाबाई म्हणाली. "पाच वर्सं. तेवढा पाय नाय टिकायचा."

ती तिथंच बसली, स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून. फोन येईपर्यंत बसते, म्हणाली. अण्णा हॉलमध्ये आले आणि तेव्हापासून त्यांची ती टीपॉय-खिडकी, खिडकी-टीपॉय सुरू झाली. ते देवाला मंत्रिपद मागत होते. नऊ वर्षं मागत होते, पण आज पहिल्यांदाच त्यात दुसऱ्याचा पाय अडकला होता आणि त्यामुळं मागणं सोपं व्हायच्या ऐवजी अवघड झालं होतं. शरमही वाटत होती. फोन आला तर सगळ्यांचंच भलं, असं ते स्वतःला सांगत, आणि खिडकीशी जाऊन त्या दुधाच्या पिशवीकडं बघून परत येत.

दुपार झाली. ढोलवाल्यांचा म्होरक्या आत डोकावला.

"अण्णा, काय अंदाज? नाय म्हणजे, चांदवडला रंगनाथरावांकडं पण सुपारी हाय आमची. तिकडून फोन येतोय सारखा."

रंगनाथराव म्हणजे चांदवडकडचे, अण्णांच्याच पक्षाचे आमदार. पहिल्यांदा निवडून आलेला माणूस, वयानं लहान, सभेत अण्णांच्या पाया पडणारा. त्याच्याकडंसुद्धा मांडव पडलाय, हे अण्णांना ढोलवाल्याकडून कळावं याचा त्यांना फार राग आला.

"थांब की जरा," ते खेकसले. आणि तेवढ्यात फोन वाजला. मोबाईल नाही, टेबलावरचा.

मांडव एकदम गप्प झाला. प्रतिभाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं नवसाबाई. अण्णांनी रिसीव्हर उचलला. पलीकडं पक्षाचे मोठे नेते स्वतः होते. हे चांगलं लक्षण नव्हतं. मंत्री करायचं असलं की पीए फोन करतो. नाही करायचं असलं की साहेब स्वतः बोलतात.

"गोरक्षराव, तुम्ही आमचे जुने, तुम्हाला समजून घ्यायला सांगायची गरज नाही. आता नवा कायदा आलाय. त्रेचाळीसच्या वर मंत्री करता येत नाहीत. पहिल्यासारखं राहिलं नाही. नाशिकमधून आपल्याला एकच, आणि या वेळी नवीन चेहरा द्यायचं ठरलं. रंगनाथला देतोय."

"बरं," अण्णा म्हणाले.

"पण तुम्हाला मी सोडणार नाही. महामंडळाचं अध्यक्षपद. राज्यमंत्र्याचा दर्जा. बंगला, स्टाफ, आणि दिव्याची गाडी. बोला."

"सांगतो, साहेब. जरा बोलून सांगतो."

फोन ठेवल्यावर थोडा वेळ अण्णा त्याच्यावरचं क्रोशाचं आच्छादन सरळ करत बसले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू उजाडू लागलं. दिव्याची गाडी! दर्जा मंत्र्याचा. गावाला काय कळतंय त्यातलं? पारावर बोलताना 'लाल दिव्याची गाडी' असंच म्हटलं होतं की आपण. गाजराची पुंगी, वाजली नाही तर नाही, मोडून खाता तर येतेय. गोटीरामचा पाय वाचेल, कार्यकर्ते टिकतील, मिरवणूकसुद्धा निघेल. ते एकदम हलके झाले. प्रतिभाताईंना म्हणाले, "माळ्यावरची पिशवी काढा," आणि गोटीरामला आत बोलावलं.

गोटीराम आला. फरशीवर पाय उमटतील म्हणून पायपुसण्यावरच उभा राहिला. पिशवी बांधलेला पाय किंचित उचलून धरलेला.

"आला ना फोन?" त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

"आला," अण्णा म्हणाले. "महामंडळ मिळालं, गोटीराम. अध्यक्ष. मंत्र्याचा दर्जा. गाडीवर दिवा."

गोटीराम हसला. मग हसता हसता थांबला. "शपथ उद्या हाय?"

"याला शपथ नसते."

"राज्यपालासमोर उभं राहून ते 'मी' म्हणायचं, ते नसतं?"

"नसतं रे. पण दर्जा तोच. दिवा तोच."

गोटीरामनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. त्यानं अण्णांकडं फार मायेनं पाहिलं, घरात काही वाईट झाल्यावर पाहावं तसं.

"अण्णा, दर्जा निराळा आन् मंत्री निराळा. मी मंत्री म्हणालो व्हतो. मारुतीला काय फसवायचं?" आणि त्यानं पुढं होऊन अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या. नाराज व्हऊ नका. पाच वर्सं काय, आशी जातील. पुढच्या टायमाला."

त्या हाताखाली अण्णांना स्वच्छ दिसलं की हा माणूस थांबणार नाही. आपण जोवर निवडणुकीला उभे राहू तोवर हा अनवाणी चालणार. एका पायावर चालेल, कुबड्या घेऊन चालेल, आणि लोक त्याला स्टेजवर उचलून घेतील. आणि त्या सभेत, देवाशपथ, आपल्या डोळ्यांत पाणीही येईल.

"गोटीराम," ते म्हणाले, "पुढचा टाइम नाही. मी आता लढणार नाही. ही माझी शेवटची. महामंडळ नको, तिकीट नको, मंत्रिपद तर नाहीच. माझ्यासाठी घेतलेली आन होती ती. मीच राहिलो नाही तर आन कशाची? सुटलास तू."

आनंदानं उडी मारेल असं अण्णांना वाटलं नव्हतं, पण असं होईल असंही वाटलं नव्हतं. गोटीरामचा चेहरा काळवंडला. पाठीवरचा हात त्यानं ओढून घेतला.

"कोणाला विचारून?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला इचारलं का तू? गोरख, मला इचारलं?" नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' आलं आणि 'गोरख' आलं. "तू सरपंच झाला, आमदार झाला. मी काय झालो? सांग ना. मी अनवाणी गोटीराम झालो. तेवढंच झालो. लग्नाला गेलो तर लोक खुर्ची देतात. सिव्हिलला डॉक्टरीनबाईनं इचारलं, तुम्हीच का ते पेपरातले? मंडईत माझ्या गाडीला पहिली जागा. ते काय माझ्या झेंडूमुळं? उद्या चपला घालून पंचवटीत गेलो तर मला कोण वळखंल रे?"

गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न अण्णांना पहाटे उठवत होता. आमदारकी गेल्यावर या ढोमशाला कोण ओळखणार? दोघं बांधाला बांध लावून वाढले, आणि शेवटी एकाच भीतीपाशी येऊन उभे राहिले होते, एक बूट-चपलांच्या कपाटाचा मालक आणि एक अनवाणी.

"मी वळखीन की," नवसाबाई म्हणाली.

ती दारातून पुढं आली होती. हातात ती साडीच्या दुकानाची पिशवी. गोटीरामनं तिला तिथं पाहिलं आणि तो गडबडलाच. काहीतरी बोलायला गेला, पण तिनं बोलू दिलं नाही. ती त्याच्या पायाशी बसली, दुधाची पिशवी सोडली, चपला काढून फरशीवर मांडल्या. एरंडेलानं चमकत होत्या, नव्यासारख्या.

उजव्या पायात घालायला गेली तर पाय जाईना. नऊ वर्षं मोकळा राहिलेला पाय, बोटं पसरलेली, चवडा रुंद झालेला. तिनं अंगठा दाबून धरला, टाच ढकलली. अर्धा पाय चपलेच्या बाहेरच. डाव्याला तर पट्टी. आपण दर दसऱ्याला त्या इतक्या जपल्या आणि त्या पायाचं काय झालं असेल हे कोणाच्या मनातच आलं नाही, असं काहीतरी प्रतिभाताई पुटपुटल्या. नवसाबाई मात्र सोडेना. ढकलत होती, आणि ढकलता ढकलता रडायला लागली.

"थांबा वहिनी," अण्णा म्हणाले.

अण्णांचा पाय पहिल्यापासून मोठा. कोल्हापूरहून मापानं करून घ्यावी लागे चप्पल, आणि फोन आला की लगेच मुंबईला निघायचं म्हणून ती आज सकाळपासून पायातच होती. त्यांनी पायातल्या काढल्या, खाली बसले, तिसऱ्या वेळचे आमदार, गुडघे कटकट वाजले, आणि गोटीरामचा पट्टीचा पाय दोन्ही हातांत धरून चपलेत ठेवला. मग दुसरा. बसल्या.

"मोठ्या हायेत," गोटीराम म्हणाला.

"असू दे. चालून बघ."

गोटीराम दोन पावलं चालला, निसरड्या बांधावर चालावं तसा, पाय जास्तच उचलून. मग त्यानं नवसाबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता बाहेर सांगून येतो," अण्णा म्हणाले आणि दुसऱ्या चपला शोधायच्या भानगडीत न पडता तसेच दारातून बाहेर पडले.

अंगणातली खडी पायाला लागली आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. खडीला धार असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपणच टाकून घेतलेली, गाड्यांसाठी. गोटीराम या खडीवरून कितीतरी वर्षं येत-जात होता. अण्णा चवड्यांवर तोल सावरत, हात पसरून, मांडवाकडं निघाले. त्यांच्यामागं दारात चपला घातलेला गोटीराम.

मांडवातल्या लोकांनी पाहिलं. आधी गोटीरामच्या पायांकडं, मग अण्णांच्या. आणि अण्णा तोंड उघडायच्या आत सगळ्यांना सगळं समजलं, म्हणजे त्यांना जे समजायचं होतं ते.

"गोटीरामची आन अण्णांनी स्वतः घेतली!" कोणीतरी ओरडलं. "अण्णा अनवाणी! आता मंत्री झाल्याशिवाय अण्णा चप्पल घालणार नाय!"

"अण्णा तुम आगे बढो!"

ढोलावर थाप पडली. चांदवडची सुपारी विसरून ताशे कडकडले. रविराज म्हणून एक तिशीतला कार्यकर्ता होता, गळ्यात साखळी, दारात नवी मोटरसायकल, तो मांडवाच्या मधोमध आला, पायातल्या चपला काढून हातात धरल्या आणि डोळ्यांत पाणी आणून ओरडला, "अण्णा, तुम्ही अनवाणी तर आम्ही पण अनवाणी! मारुतीची—"

टाळ्या पडल्या. तोच आवाज. पारावरचा. अण्णांच्या कानात तो शिरला आणि उजवा हात आपोआप वर जायला लागला; तीस वर्षांची सवय. आता काही बोलायचीही गरज नव्हती. नुसता हात वर केला असता तरी पुढच्या पाच वर्षांची सोय झाली असती, आणि कदाचित मंत्रिपदाचीही. हात खांद्यापर्यंत आला होता.

खडीचा एक टोकदार खडा टाचेत रुतला.

अण्णांनी हात खाली घेतला. ते तसेच लंगडत रविराजपाशी गेले, त्याच्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि आन पुरी व्हायच्या आत त्याच्या पायांपुढं वाकून खडीवर मांडल्या. ढोल वाजतच होता. त्या गदारोळात त्यांना ओरडावं लागलं.

"घाल," ते म्हणाले. "आधी चपला घाल. मग मी काय सांगतो ते ऐक."